जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: टॅली आणि प्रिंटर सोडला तर लई भारी

लिनक्स मिंट २२.२, म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी सिस्टीम, त्यातला सिनॅमन हा प्रकार. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या लॅपटॉपवर टाकलं, तेव्हापासून रोज वापरात आहे आणि वापरणारी मी एकटी नाही. सासरे आहेत, अकरावीतली मुलगी आहे, कधीमधी आमचे हे पण बसतात. मी काय कंप्युटरवाली बाई नाही, शाळेत मराठी शिकवते, एमएस-सीआयटीच्या पुढं यातलं काय शिक्षण नाही माझं. पण स्टाफरूममध्ये जो तो विचारायला लागला, मॅडम ते तुम्ही काय टाकलंय, आमच्यावर चालंल का, आमचा पण तसलाच आहे, म्हणून एकदाच सगळं इस्कटून लिहिते.

निकाल आधीच सांगते, पाचपैकी चार. लॅपटॉपवर ब्राउझर, यूट्यूब, पीडीएफ, वर्डसारखं टायपिंग, सरकारी पोर्टल, फोटो एवढंच होत असेल (आणि खरं सांगा, ९० टक्के घरांत तेवढंच होतं) तर डोळे झाकून टाका. पण घरात कोण हिशोबाच्या टॅलीवर, डिझाइनच्या कोरल ड्रॉवर नाहीतर मराठी डीटीपीच्या श्रीलिपीवर पोट भरत असेल तर त्या मशीनला हात लावू नका. लिनक्स चांगलं का वाईट हा प्रश्नच नाही ओ, तुमचं कुठल्या एका सॉफ्टवेअरशिवाय अडतं आणि तुमचा प्रिंटर कुठला, एवढ्या दोन गोष्टी बघितल्या की झाला कंडका.

आता मुळात ही भानगड कशाला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी लॅपटॉप बंद पडणार असं आमच्या शाळेत दोघांना खरंच वाटलेलं, तसं काय नसतं, चालू राहतं, फक्त सिक्युरिटीचे अपडेट यायचे बंद. वर्षभराचं वाढीव सपोर्टचं गाजर मायक्रोसॉफ्टनं दिलंय ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण पुढं काय. आमचा लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय थ्री आणि विंडोज ११ ला आठवी पिढी नाहीतर त्याच्या पुढची लागते, वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची एक चिप लागते. म्हणजे कीबोर्ड चांगला, स्क्रीन चांगली, बिजागरी सुद्धा धड, आणि तरी कंपनीच्या हिशोबात भंगार. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात विचारलं तर सरळ उत्तर, "मॅडम ह्याच्यात पैसे घालू नका, नवीन घ्या." त्याचा धंदा आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण चाळीस-पंचेचाळीस हजार घालून सासऱ्यांनी ई-पेपर वाचायचा, हे काय मला पटलं नाही.

लोक म्हणतात लिनक्स फुकट आहे म्हणून घ्या. हा मुद्दा आपल्याकडं चालतच नाही हो, कारण आपल्याकडं विंडोज तरी कुणी विकत घेतलंय? दुकानात पाचशे रुपये दिले की फॉरमॅट मारून विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकून मिळतं, चोरीचं आहे हे दुकानदाराला पण माहीत आणि आपल्याला पण. तेव्हा फुकटचं कौतुक मला नाही. कौतुक याचं, की ह्याच्यात ॲक्टिव्हेट करायला कसली तरी एक्झे फाइल चालवावी लागत नाही, अँटिव्हायरसची "तुमचा संगणक धोक्यात" अशी पिवळी पाटी दर तासाला वर येत नाही, आणि स्टार्ट मेनूत जाहिराती नाहीत.

दुसरं म्हणजे लिनक्स म्हटलं की काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं टाइप करणारा पोरगा डोळ्यापुढं येतो. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये फिनलंडमध्ये शिकत असताना हे सुरू केलं तेव्हा असंल तसं, आता तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात पण लिनक्सच आहे आणि ते तुम्ही रोज वापरता. केरळात तर सरकारी शाळांमध्ये कित्येक वर्षं लिनक्सवर पोरं शिकतात. आपल्याकडं एमएस-सीआयटीनं आख्ख्या महाराष्ट्राला विंडोज आणि एमएस ऑफिस शिकवलं त्यामुळं कंप्युटर म्हणजे तेच अशी गाठ बसलीय, बाकी काय नाही. मिंट हे त्यातल्या त्यात विंडोजवाल्यांना सोपं जाणारं, २००६ पासून आहे, उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर बनवलेलं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि वायफाय. बघितल्या बघितल्या कळतं कुठं काय आहे ते.

टाकायच्या आधी दोन कामं केली. एक, जुनी फिरती हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली, दोन हजाराच्या आतबाहेर गेले, आणि रॅम ४ ची ८ केली. प्रामाणिकपणे सांगायचं तर लॅपटॉप पळायला लागला त्यातलं निम्मं श्रेय त्या एसएसडीचं आहे. कोण म्हणत असंल लिनक्स टाकलं की जुना लॅपटॉप रॉकेट होतो तर त्याला विचारा डिस्क कुठली आहे. फिरत्या डिस्कवर मिंट पण रखडतंच, विंडोजपेक्षा कमी रखडतं एवढंच.

दोन, पेन ड्राइव्हवरनं आधी चालवून बघितलं. हे मला सगळ्यात आवडलं. मिंटची फाइल उतरवायची, रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरनं ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची, लॅपटॉप चालू करताना कंपनीप्रमाणं एफ १२ नाहीतर एफ ९ नाहीतर एस्केप दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा, की आख्खं मिंट समोर हजर, आणि तुमच्या डिस्कला अजून धक्का पण लागलेला नसतो. भाड्याची खोली घ्यायच्या आधी नळाला पाणी येतं का, पंखा फिरतो का बघतो की नाही आपण, तसं इथं वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का आणि मुख्य म्हणजे प्रिंटर सापडतोय का ते बघून घ्यायचं. नाही जमलं तर पेन ड्राइव्ह काढा, रिस्टार्ट करा, तुमचं विंडोज आहे तिथंच आहे.

आमचं वायफाय नाही लागलं. चिप कुठल्या कंपनीची ते सांगत बसत नाही, पण तिचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) मिंटमध्ये आपोआप येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि घ्यायला इंटरनेट पायजे, आणि इंटरनेटला वायफाय पायजे. झाली का पंचाईत. यावर उतारा सोपा आहे आणि लई कमी लोकांना माहीत आहे: अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला लावा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लगेच नेट येतं, काही टाकावं लागत नाही. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्यानं चिप ओळखली, एक टिक केली, रिस्टार्ट, वायफाय चालू. तेव्हापासून एकदाही गेलं नाही.

इन्स्टॉल व्हायला तर चहा व्हायला लागतो त्याच्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला असेल, त्यात सांगण्यासारखं काय नाही. फक्त विंडोज पण ठेवायचं असेल तर दोन सूचना. बिटलॉकर (विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच डिस्कवर स्वतःलाच प्रवेश नाही. आणि दोन्ही ठेवल्यावर विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागं दिसतं, घाबरू नका, लॅपटॉप बिघडलेला नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचचा टाइम लिहितं आणि विंडोज तोच आपला समजून वाचतं. मैत्रिणीच्या घरी असंच झालं, तिचा पोरगा सेल बदलायला निघाला होता. टर्मिनलमध्ये एक ओळ टाकली की मिटतं, नेटवर शोधलं की पहिल्यांदा तीच सापडते.

सासरे, म्हणजे आमचे मामा, सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांचं काम ठरलेलं: सकाळी ई-पेपर, दुपारी यूट्यूबवर कीर्तन नाहीतर जुन्या फुटबॉल मॅचेस (शिवाजी पेठेतला माणूस, शाहू स्टेडियमचा सीझन नसला की जुन्या बघत बसतो), आणि शेताचा सातबारा. मिंटमध्ये वेब ॲप्स म्हणून एक सोय आहे, कुठल्याही वेबसाइटचं वेगळं आयकॉन करून देते, ते डेस्कटॉपवर ठेवलं की दाबल्यावर थेट तीच साइट उघडते, वर पत्ता लिहायची पट्टी नाही, दुसऱ्या टॅब नाहीत. मामांसाठी पेपरचं एक, यूट्यूबचं एक, सातबाऱ्याच्या महाभूमी साइटचं एक अशी आयकॉन केली. फॉन्टच्या सेटिंगमध्ये अक्षरं सव्वापट केली. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून निघतो तो पीडीएफ व्यवस्थित उघडतो, आधारचा पासवर्डवाला पण उघडतो. तेवढं एक, की अडोबनं लिनक्ससाठी रीडर देणं केव्हाच बंद केलंय, त्यामुळं त्या सहीवर हिरवी टिक आणून दाखवा असं कोणी म्हणालं तर मिंटच्या साध्या रीडरमध्ये ती खटपट होत नाही. आम्हाला अजून कुणी म्हणालं नाही.

मामांची तक्रार वेगळीच. त्यांना मेनू मराठीतनं पायजे होते. मिंटची भाषा मराठी करता येते, केली पण, तर अर्धी पाटी मराठीत अर्धी इंग्रजीत, आणि जी मराठीत ती कुणाच्या बोलण्यातली नाही. दोन दिवसांत मामाच म्हणाले, "पूर्वीचं इंग्लिशच बरं होतं गं, निदान चित्र बघून तरी कळत होतं." परत इंग्लिश केलं.

आता मराठी टायपिंग. इथं मी जरा जास्त लिहिणार कारण माझं पोट यावर आहे, आणि नेटवर लिनक्सचे जेवढे रिव्ह्यू बघितले त्यात याच्यावर कोण अवाक्षर काढत नाही.

इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा सरकारी कीबोर्ड, येत असेल तर तुमचं काम पाच मिनिटांचं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटमध्ये जाऊन इंडियन जोडायचं, झालं, देवनागरी सुरू. विंडोजवर बोटं बसलेली असतात तीच चालतात, एन ला ल, शिफ्ट-एन ला ळ. दुसऱ्या, तिसऱ्या, सुट्ट्या असले शब्द रोज लागतात आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांना तो आडवा र काढता येत नाही म्हणून ते दुसर्‍या कुठल्यातरी साइटवरनं कॉपी करतात नाहीतर "दुसर्या" असंच छापतात. अहो शिफ्ट-जे दाबा, मग डी, मग स्लॅश, मग ई. ऱ्या. संपलं. हे विंडोजवर पण असंच आहे, पण मला मिंटमध्ये बसल्यावर सापडलं कारण तिथं लेआउटचं आख्खं चित्र बघायची सोय आहे, कुठल्या बटणावर काय ते समोर दिसतं.

इनस्क्रिप्ट येत नसेल, म्हणजे इंग्रजी अक्षरं मारून मराठी करायची सवय असेल, तर मात्र जरा खटपट. आयबस म्हणून प्रकार आहे तो इनपुट मेथडमध्ये जाऊन चालू करावा लागतो, त्यात एम१७एन नावाचं पॅकेज घालावं लागतं, मग मराठीत आयट्रान्स, फोनेटिक वगैरे दिसतात. चालतात बरी, पण फोनवर कसं अर्धा शब्द लिहिला की पुढचा आपणहून सुचवतो तसलं काय नाही, जेवढं माराल तेवढंच उठणार. माझ्या मैत्रिणीला ह्याचाच कंटाळा आला आणि तिनं परत विंडोज टाकलं. मला तिचं चुकलं असं वाटत नाही. दिवसाला पाच पानं मराठी टाइप करायची असतील तर हा छोटा मुद्दा नाही.

लिब्रे ऑफिस, म्हणजे एमएस ऑफिससारखंच फुकटचं, मिंटबरोबर आपोआप येतं. प्रश्नपत्रिका त्याच्यावर करते, टेबल, जोड्या लावा, गाळलेल्या जागा सगळं होतं. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. स्टाइलमध्ये फॉन्ट बदलायला गेलात तर तिथं वेस्टर्नचा वेगळा आणि सीटीएलचा वेगळा असतो, आपली देवनागरी त्या सीटीएलमध्ये मोडते, वरच्या खान्यात कितीही फॉन्ट बदला, मराठी ढिम्म हलणार नाही. आणि दुसरं, शाळेतनं आलेल्या वर्डच्या फाइली मंगल नाहीतर निर्मला फॉन्टमध्ये असतात, ते विंडोजचे आहेत, मिंटमध्ये नसतात, त्यामुळं दुसरा फॉन्ट लागतो आणि ओळी सरकतात. दोन पानांची पत्रिका तिसऱ्या पानावर एका ओळीनं जाऊन बसते आणि ती ओळ नेमकी "एकूण गुण" असते. यावर मी मुक्ता फॉन्ट धरलाय, फुकट आहे, दिसायला देखणा, घरी आणि शाळेत दोन्हीकडं टाकला. आणि छापायला द्यायचं ते फक्त पीडीएफ करून, फॉन्ट आतच बांधून जातो, मग झेरॉक्सवाल्याकडं कुठलं का विंडोज असेना.

श्रीलिपीत नाहीतर डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये केलेल्या जुन्या फाइली असतील तर त्या इथं उघडल्यावर रोमन अक्षरांची भेळ दिसते. मिंटचा दोष नाही तो. त्या फॉन्टात क, ख, ग असं काय साठवलेलंच नसतं, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, फॉन्ट काढला की खालची इंग्रजी उघडी पडते. फॉन्टची फाइल तुमच्याकडं असेल तर ती टाकली की बहुतेक वेळा वाचता तरी येतं, पण त्याच्यात नवीन टाइप करायचं तर ते सॉफ्टवेअर पायजे आणि ते विंडोजचं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कंप्युटरवर वाचता येणाऱ्या मराठीत, बदलून देणारी साधनं नेटवर आहेत, मी दहावीच्या माझ्या सगळ्या जुन्या नोट्स हळूहळू बदलून घेतल्या. जोडाक्षरं तपासावी लागतात, लई नाही.

हे तर झालं माझं. आमच्या ह्यांचं म्हणाल तर उद्यमनगरातल्या चार-पाच वर्कशॉपचे हिशोब बघतात, म्हणजे टॅली. टॅली प्राइम विंडोजवरच चालतं. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या जुगाडातनं चालवतात काही लोक, पण जीएसटीची तारीख उद्यावर आणि सॉफ्टवेअर जुगाडावर, असलं धाडस कुठल्याही अकाउंटंटला सांगू नये. त्यांच्या टेबलावरचा कंप्युटर विंडोजवर आहे आणि राहणार. गावात फ्लेक्सवाले बघा, भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचे दहा बाय वीसचे बोर्ड करतात ते सगळे कोरल ड्रॉवर, लिनक्सवरचं इंकस्केप कितीही चांगलं असलं तरी समोरचा गिऱ्हाईक सीडीआर फाइल घेऊन येतो, विषय संपला. ही लोकं लिनक्सला शिव्या देतात त्यात त्यांचं काय चुकत नाही आणि लिनक्सची पोरं त्यांना अडाणी म्हणतात ते मला आवडत नाही.

मुलीचं बरंच काम होतं. गुगल मीट ब्राउझरमध्ये, झूमचं लिनक्ससाठी वेगळं आहे, क्लासच्या ऑनलाइन टेस्ट ब्राउझरमध्ये. आयटीच्या प्रॅक्टिकलचं एचटीएमएल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये. मात्र परीक्षेच्या वेळी स्क्रीन लॉक करणारं सेफ एक्झाम ब्राउझर लिनक्सला नाही, पुढं कॉलेजला ते मागितलं तर मग ह्यांच्या मशीनवर बसावं लागणार. आणि तिच्या मावसभावानं लगेच विचारलं, व्हॅलोरंट चालतं का ताई? नाही चालत. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या बऱ्याच गेम चालतात, पण व्हॅलोरंटचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर विंडोज सोडून दुसरं काय मानत नाही. आई म्हणून मी हा मुद्दा मिंटच्या जमेच्या बाजूला धरलाय.

व्हॉट्सॲपचं कंपनीनं दिलेलं ॲप लिनक्सला नाही, वेबवरचं वापरायचं, त्याचं पण आयकॉन करता येतं. फोनमधले फोटो वायर लावून येतात. घरातल्या घरात दोन लॅपटॉपमध्ये फाइल द्यायची तर वॉर्पिनेटर म्हणून मिंटचंच आहे, एकाच वायफायवर असलं की झालं.

प्रिंटर. तो गेलेला एक मार्क बराचसा इथं गेलाय. आमच्याकडं एक जुना लेझर प्रिंटर आहे, काळा-पांढरा, छोटा, असला प्रिंटर तुम्हाला निम्म्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि सीएच्या ऑफिसात दिसेल, मरतच नाही. कंपनीचं नाव घेत नाही. मिंटनं त्याला ओळखलं, नाव पण दाखवलं, आणि प्रिंट दिली की "प्रिंटिंग" म्हणून दाखवतंय, कागद जागचा हलत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर आहे म्हणे पण तो इतका जुना आणि त्याला टाकायची कृती इतकी लांबलचक की एका रविवारी दुपारी बसले आणि आत्तींनी (सासूबाईंनी) चहाला हाक मारल्यावर नाद सोडला तो सोडलाच. आता छापायचं असेल तर पीडीएफ करून ह्यांच्या कंप्युटरवर पाठवते. उलट शाळेतला नवा वायफायचा ऑल-इन-वन प्रिंटर मिंटनं काही न विचारता पकडला, प्रिंट पण आणि स्कॅन पण, सीडी नाही काय नाही. तेव्हा साधा हिशोब, प्रिंटर अलीकडचा नेटवर्कवाला असेल तर चिंता नको, जुना यूएसबीचा असेल तर पेन ड्राइव्हवरनं मिंट चालू करून आधी एक पान छापून बघा, आणि पान हातात आल्याशिवाय विंडोज पुसू नका.

आणि शॉर्टकट व्हायरस! हे लिहायलाच पायजे. झेरॉक्सच्या दुकानातनं पेन ड्राइव्ह फिरून आला की त्यातले फोल्डर जाऊन नुसते शॉर्टकट राहतात हा अनुभव शिक्षक लोकांना काय नवीन नाही. निवडणुकीच्या ड्युटीपासून शाळासिद्धीपर्यंत सगळं त्याच पेन ड्राइव्हवर. आमच्या सरांचा असाच आला, विंडोजवर उघडल्यावर आत काहीच दिसेना, ते घामाघूम. मिंटवर लावला तर खरे फोल्डर जागेवर, नावासकट, कारण तो व्हायरस फोल्डर खोडत नाही, लपवतो, आणि मिंट त्या लपवाछपवीला भीक घालत नाही. शेजारी चार शॉर्टकट आणि एक विचित्र नावाची फाइल पण स्पष्ट दिसत होती. ते उडवलं, फोल्डर कॉपी करून दिले, सर आता मला कंप्युटर इंजिनियर समजतात. तो व्हायरस मिंटवर चालत नाही म्हणून पेन ड्राइव्ह शुद्ध झाला असं मात्र नाही हां, न उडवता पुढं दिला तर पुढच्याच्या विंडोजवर तो परत उठतो.

अपडेटचं सुख आहे. खाली एक ढालीचं चित्र असतं, अपडेट आले की त्याच्यावर खूण येते, आपल्याला वाटेल तेव्हा करायचे, ऐन पेपर तपासताना स्वतःहून बंद होऊन "कृपया थांबा ३० टक्के" असलं काय करत नाही. टाइमशिफ्ट चालू करून ठेवा, बिघडलं तर कालच्या स्थितीत परत नेतं. पण ते फक्त सिस्टीमचं असतं, तुमचे फोटो आणि फाइली त्यात नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा. आम्ही शाहूपुरीत राहतो, २०१९ च्या पुरात खालच्या गल्लीत काय झालं ते बघितलंय, त्यामुळं आमची बॅकअपची डिस्क माळ्यावर असते.

बॅटरी वाढली असं मला काय जाणवलं नाही. झाकण मिटवून परत उघडलं की कधीतरी टचपॅड झोपलेलाच असतो, परत एकदा मिटवून उघडावं लागतं. आणि सगळ्यात खरी अडचण म्हणजे बिघडलं तर न्यायचं कुठं. दुकानवाल्यांना विचारलं तर "लिनक्स काढून विंडोज टाकून देऊ का" एवढाच इलाज माहीत. घरात निदान एक माणूस असा पायजे ज्याला नेटवर शोधून, इंग्रजीत वाचून, शांत डोक्यानं करायची तयारी आहे. आमच्या घरी ती मी, आणि काही दिवसांनी मुलगी. तुमच्या घरी असं कोण नसेल, पोरं पुण्याला आणि घरात दोघंच म्हातारे असतील, तर पोरांनी सुट्टीला आल्यावर टाकून द्यावं आणि फोनवर सांगत बसायची तयारी ठेवावी, नाहीतर टाकू नये.

ज्यांना ट्राय करायचंय त्यांनी ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्या, ४ किंवा त्याच्या खाली असेल तर एक्सएफसीई, दिसायला जरा साधं पण हलकं. नावात २२ असलेलं कुठलंही घ्या, त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. फाइल तीन जीबीच्या आसपास आहे, फोनच्या डेटावर उतरवणार असाल तर रोजचा कोटा बघून घ्या, आणि मिंटच्या स्वतःच्या साइटवरनंच उतरवा, टेलिग्रामवर कोणी दिलेली नको. शाळेतल्या लोकांना पेन ड्राइव्ह माझ्याकडं तयार आहे, नेऊन आधी नुसता चालवून बघा, फक्त झेरॉक्सवाल्याकडं लावू नका आणि परत द्या.